कमी दाखवणारा कॅमेरा

दुकानात गिऱ्हाईक येतं ते जास्त मागायलाच. लग्नपत्रिकेवर जास्त फुलं, पासपोर्ट फोटोत जास्त गोरा चेहरा, झेरॉक्स फिकी निघाली तर त्याच पैशात दुसरी. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात वीस वर्षं झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून माझी जीभ तिखट झाली आहे, हे मी कबूल करतो. पण "कमीत कमी दाखवणारा कॅमेरा आणून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक मला आजवर एकच भेटलं. तिचं नाव रागिणी.

रागिणी माझ्यासाठी टायपिंग करते, पण दुकानात बसून नाही. बाजारतळाला लागून तिच्या मावशीचं, पंचफुलाबाईचं, पत्र्याचं घर आहे. पंचफुलाबाईकडे वीस-पंचवीस शेळ्यामेंढ्या आहेत. सकाळी कळप घेऊन निघाली की ती माझ्या दुकानापुढे थांबते, कमरेची चंची सोडते आणि पानतंबाखूच्या मधून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवते. मी तिला हाताने लिहिलेले नवे कागद देतो, ते संध्याकाळी भाचीकडे पोचतात. शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, भाडेकरार, असलं काम. दोन वर्षं झाली, माझ्या पेनड्राइव्हला तंबाखूचा वास येतो आणि रागिणीच्या कामात चूक सापडत नाही. ओळ सुटत नाही, आकडा हुकत नाही. मी मुद्दाम शोधतो, कारण एखादी सापडली तर चिडवायला बरं. अजून सापडली नव्हती.

ती आठ बोटांनी टाईप करते. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. ती कशी वाकडी झाली हे मला पंचफुलाबाईनं एकदा शेळीच्या गळ्यातली दोरी गुंडाळता गुंडाळता सांगितलं. नवऱ्यानं दार लोटलं तेव्हा हिचा हात चौकटीत होता, आणि तो चौकटीत आहे हे नवऱ्याला दिसत होतं. विजयकुमार त्याचं नाव. वसमतकडचा, हळदीच्या दलालीतला, चार माणसांत गोड हसून बोलणारा. "पोरगी माझी हाय. तू असलीस काय न् नसलीस काय," असं तो एका सकाळी म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी रागिणी चार वर्षांच्या सृष्टीला कडेवर घेऊन निघाली ती थेट इथे आली. पंचफुलाबाई तिच्या आईची मानलेली बहीण. लग्नाला ती आलेली नव्हती, त्यामुळे सासरच्यांना अशी कोणी मावशी आहे हेच ठाऊक नव्हतं. रागिणीचा सगळा जीव त्या एका न ठाऊक असण्यावर तगला होता.

त्यातून आणखी एक गोष्ट तिच्या बाजूची होती. लग्नाच्या फोटोत ती गोल चेहऱ्याची, लांब वेणीची, भरल्या अंगाची आहे. आता गालांची हाडं निघालीत, केस मानेपर्यंत कापलेत, आणि टायपिंगनं नजर कमी झाल्यामुळे जाड काळ्या काड्यांचा चष्मा लागलाय. "त्या फोटोतली बाई रस्त्यात भेटली तर मलाच वळखू येणार न्हाई, भाऊ," ती म्हणायची. "तेवढंच बरं हाय."

मग विजयकुमारनं मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला. नोटीस तिच्या माहेरी आली. पहिल्या तारखेला रागिणी वसमतला गेली. परत येताना एक मोटरसायकल औंढ्यापर्यंत एसटीच्या मागे होती. औंढ्याला ती उतरली, स्टँडवरच्या बायकांच्या संडासात दोन तास कडी लावून उभी राहिली आणि मग दुसऱ्याच गाडीनं, उलटसुलट रस्त्यानं, घरी आली. त्यानंतर तिनं स्मार्टफोन विकून टाकला आणि बटणाचा घेतला. तिच्या वकीलबाईंनी कोर्टापुढे हे सगळं मांडलं. पत्ता बंद लिफाफ्यात कोर्टाकडे राहील आणि पुढची साक्ष व्हिडिओवरून होईल, अशी परवानगी मिळाली. वकीलबाईंच्या सूचना होत्या: कॉम्प्युटर हवा, चेहरा स्पष्ट हवा, आणि मशीन सांभाळायला एक माणूस बसला तर चालेल, पण त्यानं तोंड उघडायचं नाही. ती शेवटची अट माझ्यासाठीच घातली असावी असं माझी बायको म्हणते.

दुपारी दोनला, दुकानं पेंगत असताना, रागिणी पहिल्यांदा स्वतः दुकानात आली. पदर कपाळावर, नजर रस्त्याकडे. हातात कागद, अर्थातच टाईप केलेला.

"असा कॅमेरा पाह्यजे," ती म्हणाली.

मी वाचलं. फक्त चेहरा दिसावा, मागचं दिसू नये. आवाज घेणारा नको. चालू असला की लाइट लागावा. पुढं झाकण असावं. आणि शेवटी, माझ्या कॉम्प्युटरला चालावा.

"लोक कॅमेरा घेतात दाखवायला," मी म्हणालो. "तुला न दाखवणारा पाहिजे. मग घेतेस कशाला? चिखलाचा गोळा लाव त्या डब्यावर."

ती हसली नाही. "भाऊ, त्यो माझ्याकडं बघणारच न्हाई. माझ्या मागं काय हाय ते बघंल. भिंत बघंल, खिडकी बघंल, कॅलेंडरावर कोणत्या दुकानाचं नाव हाय ते बघंल. अन् लई स्वच्छ पण नको. मीच हाये एवढं जजसायबाला कळलं म्हंजी झालं."

आमच्याकडे दर घरात आडतीचं नाहीतर किराणा दुकानाचं कॅलेंडर असतं, गावाच्या नावासकट. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भ्यालेल्या माणसाला घर वेगळं दिसतं.

संध्याकाळी मी तिच्याकडे जाऊन मशीन पाहिलं. ते मीच तिला विकलं होतं, आणि विकताना "चांगलं आहे" म्हणालो होतो. विंडोज सात, दोन जीबी रॅम, मागचे यूएसबी गंजलेले, पुढच्या दोनपैकी एक सैल. असल्या मशीनवर ब्राउझर नवा चढत नाही, आणि कोर्टाची लिंक जुन्यावर उघडत नाही. आजकालच्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर विंडोज दहा किंवा पुढचं, असं लिहिलेलं असतं. म्हणजे नुसता कॅमेरा आणून भागणार नव्हतं. दोन दिवस खपून मी एका मेलेल्या मशीनची रॅम काढून यात घातली, विंडोज दहा चढवलं, पुढच्या चांगल्या पोर्टात पेनड्राइव्ह दहादा लावून काढून पाहिला. बिल केलं नाही. पापाचं परिमार्जन म्हणा.

मग थावराच्या जीपनं हिंगोलीला गेलो. रागिणी हिंगोलीला येत नाही, तिथल्या हळदीच्या बाजारात विजयकुमारची माणसं असतात. थावराबद्दल सांगायचं तर सेनगाव-हिंगोली रस्त्यावर त्याच्याएवढा मोठा घसा दुसरा नाही. आमच्या स्टँडवर उभा राहून तो "सेनगाव, सेनगाव, चला हिंगोली" अशी हाळी देतो ती माझ्या दुकानात प्रिंटरच्या वर ऐकू येते. पोटात काही राहत नाही असा माणूस, असं माझं त्याच्याबद्दल पक्कं मत होतं.

तिथल्या रतनसिंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी माझी मागणी सांगितली तेव्हा तो हसायला लागला. "भागवतभाई, दुनिया वाइड मांगती है, आप उलटा मांग रहे हो." तरी त्यानं दोन काढले. पहिला सगळ्यात स्वस्त. त्याच्या मशीनला लावून बघितला तर माझा चेहरा वरणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखा दिसला. झाकण नव्हतं, पण कोन छोटा होता, चेहऱ्यापलीकडचं फार दिसत नव्हतं. दुसरा थोडासाच महाग. कोन तेवढाच छोटा, सरकवायचं झाकण, हिरवा लाइट, वेगळा ड्रायव्हर नको, खोक्यावर विंडोज दहा लिहिलेलं. आणि चेहरा असा स्वच्छ की माझ्या नाकावरचा तीळ मोजून घ्यावा. माइक दोघांतही होता.

रागिणी म्हणाली होती, स्वच्छ नको. ते शब्द माझ्या कानात होते. पण वीस वर्षं या धंद्यात आहे, कोर्टापुढे जाणारी वस्तू, आणि भागवतनं आणलेला कॅमेरा पाणचट निघाला असं कोणी म्हणावं? मी दुसरा घेतला. माइकवर उपाय म्हणून मोबाइलचा तोंडाजवळ धरायचा हेडफोन घेतला. कॅमेऱ्याचा कान बंद करू, ही हेडफोनवर हळू बोलेल, बाहेरचं काही जाणार नाही. इतकं साधं.

कॅमेरा मी तिच्या घरी ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी जोडायला गेलो. हिरवा लाइट लागला. स्क्रीनवर मात्र नुसतं पिवळं धुकं. पोर्ट बदलला, धुकं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, धुकं. चार दिवसांवर साक्ष आणि मशीन कॅमेऱ्याला घेत नाही. अर्ध्या तासानं वैतागून मी कॅमेरा हातात घेतला तर बोटाला काहीतरी लागलं. हळद. त्यावर कुंकू. बरोबर काचेवर.

"घरात नवी वस्तू आली, पूजा न्हाई करायची व्हय?" पंचफुलाबाई म्हणाली. "ट्रॅक्टरला करतेत, मोटरीला करतेत. अन् हे तर कोर्टात जाणार हाय. झाकण सरकवलं अन् डोळ्याला लावलं."

मी बरंच काही बोललो. सृष्टी खाटेवर बसून खिदळत होती. रागिणी मात्र स्क्रीनकडे बघत होती. त्या पिवळ्या धुक्यात ती बसली होती, बाई आहे एवढं कळत होतं, चष्मा कळत नव्हता.

"राहू द्या की भाऊ," ती म्हणाली. "बरं दिसून राहिलं."

"खुळी आहेस का? चेहरा स्पष्ट पाहिजे म्हणाल्यात वकीलबाई."

मी बनियनच्या टोकानं काच लख्ख पुसली.

मग आम्ही खोली तपासली. मागे पांढरी चादर टांगली. मी खुर्चीत बसायचो, ती स्क्रीनजवळ उभी राहून पाहायची. घोंगडीचं टोक दिसतंय, काढा. खुंटीवरची पिशवी दिसतेय, काढा. खुर्ची हललीच तर काय दिसेल, त्यासाठी आणखी एक चादर. जमिनीवर खडूनं खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या. दोन तास गेले. त्या दोन तासांत तिच्या घरातली एकेक वस्तू तिच्यावर चुगली करायला टपली आहे असं मलाही वाटायला लागलं. परत आल्यावर मी माझ्या दुकानावरच्या पाटीकडे पाहिलं, तिच्यावर गावाचं नाव हातभर मोठं होतं.

साक्षीची तारीख बाजाराच्या वारी आली. वेळ दुपारी बारा. मी दहालाच गेलो, माझ्या दुकानातून नेटची वायर आधीच ओढली होती. रागिणी हिरवं लुगडं नेसून बसली होती, एरवी कधी न नेसलेलं. सृष्टीला शेजारी पाठवलं होतं. मी ऐटीत खिशातून हेडफोन काढला, आणि मशीनच्या मागे वाकलो, आणि तिथेच थांबलो.

हेडफोनला पिन एक. जुन्या मशीनला भोकं दोन, एक हिरवं ऐकायचं, एक गुलाबी बोलायचं. ती एकच पिन हिरव्यात घातली तर नुसतं ऐकू येतं, गुलाबीत घातली तर काहीच होत नाही. मधला जोड मिळतो, पण तो हिंगोलीत. सगळं तपासलं होतं, पोर्ट, रॅम, विंडोज, आणि हेच राहिलं होतं. वीस वर्षं मिस्त्री म्हणवून घेणाऱ्या माणसाची ही चूक.

"मग?" रागिणी म्हणाली.

"कॅमेऱ्याचाच माइक वापरावा लागेल."

खिडकी लावली, दार लावलं, फटीत गोधड्या कोंबल्या. अर्धा मिनिट आवाज भरून ऐकला. रागिणीचा आवाज आला, "माझं नाव रागिणी, मी..." आणि तिच्या पाठोपाठ, शेजारी बसून बोलावं इतका स्पष्ट, थावरा आला: "सेनगाव, सेनगाव, चला हिंगोलीऽ!"

रागिणी खुर्चीतून उठली ती भिंतीला टेकून खाली बसली. "न्हाई जमत भाऊ. मी जात न्हाई पुढं. त्याला एवढंच पाह्यजे. एवढंच."

"नाही गेलीस तर पोरगी जाईल," मी म्हणालो. हे म्हणायला मला आवडलं नाही. पण ते खरं होतं, आणि तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी स्टँडवर पळालो. पण थावराला गप करायचं तर त्याला कारण सांगावं लागणार, आणि थावराला कारण सांगणं म्हणजे हिंगोलीच्या बाजारात भोंगा लावणं. मी त्याला जीपच्या मागे ओढलं.

"थावरा, एक तासभर हाळी देऊ नको."

"काहून? बाजाराचा दिवस हाय. मी गप बसलो तर दुसरे गाड्या भरून घेतेत."

"पंचफुलाबाईच्या घरात जरा काम आहे. आवाजाची तकलीफ होते."

थावरानं माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच मी त्याला खालच्या आवाजात बोलताना ऐकलं. "तिच्या भाचीचं काम हाय ना? हिरव्या झग्यातलं लेकरू घेऊन आलती ती, दोन वर्षांपाठी. सेनगावहून मीच आणलं तिला. पूर्ण रस्ता सीटखाली डोकं घालून बसलती. उतरताना म्हणली, दादा, मी तुमच्या गाडीत बसलेच न्हाई."

"मग?"

"मग काय? न्हाईच बसली."

दोन वर्षं. गावभर कोणाची म्हैस व्याली इथपासून सगळं ओरडून सांगणारा हा माणूस दोन वर्षं हे पोटात घेऊन फिरत होता, आणि मला पत्ता नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत राहिला.

"मी गप बसलो तरी बाकीचे चार बोंबलतीलच," तो म्हणाला. "त्यापेक्षा असं करू. मीच तिच्या खिडकीखाली उभा ऱ्हातो. माझ्या म्होरं बाकीच्याचं काय ऐकू येणार हाय? पण गाव दुसरं घेतो. दूरचं. माहूर घेऊ, किनवट-माहूर."

बाराला लिंक उघडली. स्क्रीनवर कोर्टाची खोली आली, वर जजसाहेब, खाली दोन्हीकडचे वकील, आणि डाव्या कोपऱ्यात बाकावर पांढऱ्या शर्टात विजयकुमार. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. साधा माणूस दिसत होता, केस नीट विंचरलेले. त्याची भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच मला ती वाटली. रागिणीनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि टेबलाखाली आपली वाकडी बोटं दुसऱ्या हातात धरली.

ती बोलायला लागली, आणि बाहेरून आलं: "माहूर, माहूर, चला किनवट-माहूरऽ!" पत्रा थरथरला. पाठोपाठ कोणा म्हाताऱ्याचा बारीक आवाज, "अरे थावरा, माहूरला जीप कधीपासून लावली रे?" पण थावरानं "माहूरऽ" असं म्हाताऱ्याच्या डोक्यावरून ओढलं, आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

"हा आवाज कसला?" जजसाहेबांनी विचारलं.

"बाहीर जीपवाला हाय, साहेब," रागिणी म्हणाली. ते खरंच होतं.

त्याच क्षणी कोपऱ्यातल्या विजयकुमारची मान वर झाली. इतका वेळ तो चपलेकडे बघत बसला होता. आता त्यानं मोबाइल काढून गुडघ्यावर उभा धरला. गावाचं नाव लिहून घेतोय, असं मला वाटलं. लिही बाबा, लिही, मी मनात म्हणालो.

त्याच्या वकिलानं विचारलं, "सध्या कुठं राहता?" जजसाहेब म्हणाले, पत्ता कोर्टाकडे आहे, पुढचा प्रश्न. मग रागिणी सृष्टीबद्दल बोलली. आठ मिनिटं बोलली असेल. अंगणवाडीतून आता पहिलीत गेली म्हणाली. तिचं एक करडू आहे, त्याला ती स्वतःच्या ताटातली भाकरी देते. झोपेत अजून दचकते. मोटरसायकलचा आवाज आला की खाटेखाली जाते, आणि आपण तिला अजून कधी बापाबद्दल वाईट सांगितलेलं नाही, तिला ते सांगावंच लागलं नाही. तिचा आवाज एकदाही फुटला नाही. मला तोंड उघडायला बंदी होती, ते बरं झालं.

साक्ष संपली. पुढची तारीख पडेपर्यंत मुलगी आईकडेच राहील, असं जजसाहेबांनी सांगितलं. हिरवा लाइट विझला. रागिणीनं झाकण सरकवलं आणि वरून एक फडकं बांधलं. बाहेर थावराचा घसा बसला होता आणि त्याची जीप रिकामी होती.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, थावरा माझ्या दुकानात आला. न ओरडता. स्टूल ओढून बसला, पाणी प्याला.

"माझा साडू किनवटला गाडी चालवतो," तो म्हणाला. "परवा तिथं स्टँडवर दोघं जणं आले होते. जीपवाल्यांना एक फोटो दाखवून राहिले होते, ही बाई अन् तिचं लेकरू कुठं उतरवलं का म्हणून."

मी टेबलावर थाप मारली. "फसला! माहूरच्या जंगलात हिंडू दे त्याला!"

थावरा हसला नाही. "साडूनं फोटो बघितला. लग्नातला न्हाई. हिरवं लुगडं म्हणला. कापलेले केस, काळ्या काड्यांचा चष्मा. मागं पांढरी चादर."

माझा हात टेबलावरच राहिला. विजयकुमारनं गुडघ्यावर मोबाइल उभा धरला होता. तो लिहीत नव्हता. कोर्टाच्या स्क्रीनचा फोटो काढत होता. चादर, खिडकी, घोंगडी, पिशवी, सगळं आम्ही लपवलं होतं. आणि लग्नाच्या फोटोवरून जिला कोणी ओळखू शकत नव्हतं ती बाई मी निवडून आणलेल्या कॅमेऱ्यानं त्याला स्वच्छ दाखवली होती. तीळ मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. पहिला कॅमेरा चालला असता. हळदीचा डाग चालला असता. "बरं दिसून राहिलं," असं ती म्हणालीही होती.

सांगावं की नाही, या विचारात संध्याकाळ झाली. शेवटी गेलो. रागिणी टाईप करत होती, सृष्टी दारात करडाला ओढत होती. मी सगळं सांगितलं, कॅमेरा निवडल्याचंही. वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला बोलेल. मी बोलून घ्यायला तयार होतो.

तिनं अर्धवट राहिलेली ओळ पुरी टाईप केली. मग म्हणाली, "भाऊ, मी तिथं सृष्टीबद्दल सांगून राहिले होते. ती झोपेत दचकते म्हणलं. त्यातलं त्यानं काही ऐकलं असंल का हो?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. तिनं सृष्टीला आत बोलावलं आणि दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाईनं चंचीतून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. सातवीची गणिताची प्रश्नपत्रिका होती. पहिल्याच पानावर एक ओळ गाळलेली होती. खाली सातच्या जागी एक पडला होता, आणि तिसरं गणित दोनदा आलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला चुका सापडल्या होत्या.

"डोळ्याचं काही झालंय का तिच्या?" मी विचारलं.

"न्हाई," पंचफुलाबाई म्हणाली. "चष्मा काढून ठिवला तिनं. चुलीमागं, डब्यात. आता लावायचा न्हाई म्हणती."

ती कळप हाकत पुढे गेली. मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं, मूळ कागद शेजारी ठेवला आणि चुका एकेक करून दुरुस्त करायला लागलो. तिला मी त्याबद्दल काही बोललो नाही. आता रोज सकाळी एवढं काम मला असतं.